चिमूट किती बोटांची

‘पाणी उकळा’ ही एक पायरी नाही. भांडं कोणतं, पाणी किती, ते कशाने मोजायचं, उकळी आल्यावर किती वेळ ठेवायचं, झाकण केव्हा घालायचं आणि गार कुठे करायचं, असे निदान सहा प्रश्न त्या दोन शब्दांत असतात. ज्याला पाणी उकळता येतं त्याला ते दिसत नाहीत. ज्याला येत नाही तो पहिल्याच प्रश्नाशी अडतो, स्वतःला अडाणी समजतो आणि कागद बाजूला ठेवतो. चूक लिहिणाऱ्याची असते.

हे मला संपादक दिघे यांनी शिकवलं. पुढे एका दैनिकात बातमीच्या टेबलावर वीस-बावीस वर्षं गेली, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. त्या वर्षांतल्या बहुतेक बातम्या आता आठवत नाहीत. त्याआधीच्या एका साप्ताहिकातलं एक पत्रक मात्र शब्दन् शब्द आठवतं. पोस्टकार्डाएवढं होतं. त्यात मी चार शब्द कमी केले होते आणि त्या चार शब्दांपायी एक दीड वर्षाचं मूल जाता जाता राहिलं.

साप्ताहिकाचं कार्यालय अंधेरी पश्चिमेला एका पिठाच्या गिरणीच्या मागे होतं. पुढच्या खोलीत दिघे आणि मी, मागच्या खोलीत छापखाना. भिंतीपलीकडून पीठ यायचं आणि छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या खणांत बसायचं. ती अक्षरं जुळवणारे आमचे जुळारी सावंत दर शनिवारी ते फुंकून काढत आणि गिरणीवाल्याचा उद्धार करत. अंक अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जायचा, थोड्या प्रती घाटकोपर-मुलुंडलाही. बातम्या नळांच्या, दिव्यांच्या, रस्त्यांच्या. लोक मात्र अंक उघडायचे ते तिसऱ्या पानासाठी. तिथे ‘पायरी पायरीने’ हे सदर असे आणि ते मी लिहीत असे.

सदराची गरज का पडली ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. गिरगाव-परळच्या चाळींतून माणसं तेव्हा उपनगरांत राहायला येत होती. चारकोपला, मुलुंडला, बोरिवलीला नव्या इमारती उभ्या राहत होत्या. चाळीत फ्यूज उडाला तर तिसऱ्या खोलीतले कोणीतरी काका येऊन बसवून जात. इथे दाराला लॅच होतं आणि शेजारचं आडनावही माहीत नसायचं. फ्यूज कसा बसवायचा, वातीच्या स्टोव्हची वात कशी बदलायची, कुकरची शिटी का वाजत नाही, रेशनकार्डात नव्या सुनेचं नाव कसं घालायचं, हे विचारायला माणूस नव्हता. दिघे म्हणत, “आपण ते काका व्हायचं. फक्त काका चुकले तर समोर असतात. आपण नसतो.”

म्हणून त्यांनी एक पद्धत घातली होती. लेख लिहून झाला की छापण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तो वाचत वाचत ते काम प्रत्यक्ष करायचं. लिहिणाऱ्याने त्या वेळी त्याच खोलीत, पण पाठ करून बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. वळायचं नाही, खाकरायचं नाही, ‘अहो तसं नाही’ म्हणायचं नाही. समोरचा अडला की लेख अडला. आम्ही त्याला पाठीची परीक्षा म्हणत असू.

काम करून बघणारे नेहमी सावंत. ते मालवणकडचे, वडील कापडगिरणीत होते. त्यांना का निवडलं, असं एकदा विचारलं तेव्हा दिघे म्हणाले, “बाकीचे लोक वाक्य वाचतात. सावंत अक्षर अक्षर जुळवतात, तेही उलटं. त्यांच्या डोक्यात पुढचा शब्द आधी येत नाही.”

पहिली परीक्षा फ्यूजची. पायऱ्या पाच होत्या. मी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला, सावंत मोठ्याने वाचू लागले. पहिली पायरी झाली. दुसरीला फ्यूज उपसला. तिसरीला जुनी तार काढली. चौथीला नवी तार आवळून फ्यूज परत बसवला. मग पाचवी वाचली. पाचवी होती : ‘हे सर्व करण्यापूर्वी मेन स्विच बंद केलेला असावा.’

“बाई,” सावंत स्टुलावरूनच म्हणाले, “ह्यां वाचून माणूस मेलो तर बातमी कोण लिवतलो?”

मेन स्विच दिघ्यांनी आधीच गुपचूप बंद केला होता. ते काही रागावले नाहीत. ‘त्यापूर्वी’ आणि ‘तत्पूर्वी’ हे शब्द मात्र त्यांनी त्या दिवसापासून सदरातून हद्दपार केले. जे आधी करायचं ते आधी लिहायचं. वाचणाऱ्याचा हात वाचता वाचता चालत असतो, तो शेवटपर्यंत वाचून मग कामाला लागत नाही. हे इतकं साधं आहे की सांगायलाही लाज वाटते. तरी आजही औषधाच्या खोक्यावरचा कागद उघडला की ते ‘त्यापूर्वी’ तिथे बसलेलं दिसतं.

एका पायरीत एकच क्रियापद, हाही त्यांचा नियम. आणि प्रत्येक पायरीनंतर काय दिसलं पाहिजे ते लिहायचं. ‘वात वर करा’ एवढंच पुरत नाही. ‘ज्योत निळी दिसेपर्यंत वर करा, पिवळी झाली तर खाली घ्या.’ माणूस एकटा असतो, त्याला बरोबर चाललंय असं कोणीतरी सांगावं लागतं.

दुसरा प्रसंग मुलुंडच्या ओकांचा. नळाचा वॉशर कसा बदलावा, हा लेख छापून आल्यावर चार दिवसांनी हे सत्तरीचे गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत आमचा अंक घेऊन आले. अंक भिजून लगदा झाला होता.

“दुसरा मिळेल का?” त्यांनी शांतपणे विचारलं. “हा वाचवत नाही.”

नळ उघडण्याआधी वरचा कॉक बंद करायचा, ही पायरी लेखात नव्हती. ओकांनी नळ उघडला, पाणी छतापर्यंत गेलं आणि मग खालच्या मजल्यावर उतरलं.

“खालचे तिघे आता माझ्याशी बोलत नाहीत,” ओक म्हणाले. “वॉशर मात्र छान बसलाय हं.”

ते गेल्यावर दिघ्यांनी विचारलं, “परीक्षा घेतली होती ना?”

घेतली होती. सावंतांनी आमच्याच कार्यालयाच्या नळावर वॉशर बदलून दाखवला होता. पण आमच्याकडे पाणी फक्त सकाळी येई आणि परीक्षा दुपारी झाली होती. कोरड्या नळावर कॉकची आठवण कोणाला होणार? आम्ही सगळे हसलो. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. परीक्षा ज्या जागी, ज्या माणसावर घ्याल तिथलंच सांगते, त्यापलीकडचं नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मला ते कळलं पुढच्या मे महिन्यात.

त्या मे महिन्यात पाण्याची फार टंचाई होती. वस्त्यांतून टँकर फिरत होते. पालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर कामत एका दुपारी कार्यालयात आले. जुलाब-उलट्यांची मुलं रोज येताहेत, आणि इतकी सुकून येताहेत की शीर सापडत नाही, असं ते म्हणाले. “घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी पाजलं असतं तर यातली बरीचशी माझ्यापर्यंत आली नसती. आयांना सांगून दमलो. तुम्ही लिहा. एका कागदावर, हातात मावेल असं.”

त्यांनी मापं लिहून आणली होती : लिटरभर पाणी, साखरेचे सपाट छोटे चमचे, मिठाचा अर्धा चमचा. लिटरचं माप कोणाच्या घरात असतं, असं मी विचारलं. मग त्यांनीच पेल्याचं प्रमाण करून दिलं. पेलाभर उकळून गार केलेलं पाणी, एक छोटा चमचा साखर आणि मीठ. मिठाची ओळ मी त्यांच्या सांगण्यावरून अशी लिहिली : ‘तीन बोटांनी उचललेलं चिमूटभर बारीक मीठ टाका.’

(आज दवाखान्यात तयार पुड्या मिळतात. या लेखातली मापं कोणी वापरू नयेत.)

पत्रक पोस्टकार्डाएवढं ठरलं होतं. सावंतांनी मजकूर जुळवला, तपासायला ठसा काढला आणि आतून हाक मारली.

“बाई, एक ओळ भायर जाता.”

मी कागद पाहिला. मिठाची ओळ मोडून दुसऱ्या ओळीवर एकच शब्द गेला होता. उपसंपादकाला असा एकटा लोंबता शब्द बघवत नाही. चिमूट म्हणजे तीन बोटांचीच, हे लहान मुलालाही माहीत, असं मनाशी म्हटलं. ‘तीन’, ‘बोटांनी’, ‘उचललेलं’, ‘बारीक’ या चार शब्दांवर रेघ मारली. ‘चिमूटभर मीठ टाका.’ ओळ बसली. छोटं, घट्ट, स्वच्छ वाक्य. त्या क्षणी बरं वाटलं होतं, हे नोंदवायला हवं.

परीक्षा झाली. मी पाठ करून बसले. सावंतांनी पाणी ओतलं, चमचा फिरवला. दिघ्यांनी चाखलं, डॉक्टरांनी चाखलं. ठीक होतं. पत्रकं छापली, अंकात घालून वाटली आणि एक गठ्ठा चांगुणाबाईंना दिला.

चांगुणाबाई वेसाव्याच्या कोळीण. मासळीची टोपली घेऊन बाजाराला जाताना आमच्या पायरीवर पाच मिनिटं टेकत, पाणी पीत आणि सावंतांशी भांडत. सावंत त्यांच्या बांगड्याला नावं ठेवत, त्या सावंतांच्या लग्न न होण्याला. “तुला कोन देईल रे पोरगी? पीठ लागलेला पापड दिसतोस,” असं म्हणत. त्यांना स्वतःला वाचता येत नसे. सून भारती सातवी शिकलेली. पत्रकांचा गठ्ठा त्यांनी टोपलीत मासळीवरच्या कापडावर ठेवला आणि कोळीवाड्यात घरोघर वाटला. “दिघेसायबांचा कागुद हाय,” असं सांगून वाटला. लोकांनी तो त्यांच्या शब्दावर ठेवून घेतला.

आठवड्याने त्या सकाळी अकराला आल्या. डोक्यावर टोपली नव्हती. हातात स्टीलचा पेला होता, त्यावर दुसरा तळहात झाकणासारखा धरलेला. वेसाव्यापासून तसाच धरून आणला होता.

“त्यो पान्याचा कागुद लिवनारी कोन?”

“मी,” मी म्हटलं.

“घे. पी.”

मी घोट घेतला. समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखं झालं. मोरीपर्यंतही पोचता आलं नाही.

“हेच माझ्या नातवाला पाजलंय,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती वाटली. “भारतीनं वाचलं, मी केलं. एक पेला पानी. एक चमचा साखर. चिमूट मीठ. पोर थुकतंय, ओकतंय. आमाला वाटलं रोगानं ओकतंय, म्हनून आनखी पाजलं. रातभर पाजलं. सकाळी मी चाखलं.”

“मूल कुठे आहे?” दिघ्यांनी विचारलं.

“हास्पिटलात. डोळं उघडत नाय.” मग त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं. “माजं काय चुकलं, ते दाखव मना.”

मी पत्रक वाचलं. एकेक पायरी वाचली. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

परीक्षेसाठी आणलेलं मीठ कपाटात होतं. दिघ्यांनी बरणी पुढे केली. “चांगुणाबाई, यातली चिमूट घ्या बरं.”

त्यांनी हात घातला. पाची बोटं जुळवून, घारीने झडप घालावी तशी चिमूट उचलली. मासळी खारवताना घेतात ती. त्यांच्या हाताला दुसरी चिमूट माहीतच नव्हती. घरात मीठही जाडं, पोत्यातलं. दिघ्यांनी टेबलावर कार्बन पेपर काळी बाजू वर करून पसरला आणि ती चिमूट त्यावर ठेवायला सांगितली. शेजारी माझी ठेवली. मग सावंतांना बोलावलं.

सावंतांनी बरणीत दोन बोटं घातली. अंगठा आणि तर्जनी. वीस वर्षं त्या दोन बोटांनी त्यांनी खणातून खिळे उचलले होते, एका वेळी एक, शेजारच्याला धक्का न लावता. त्यांची चिमूट म्हणजे काही कण होते. काळ्या कागदावर ते जेमतेम दिसत होते. तांदळाच्या दाण्याएवढा सावंतांचा ढीग, चिंचोक्याएवढा माझा आणि सुपारीएवढा चांगुणाबाईंचा. तीन चिमटी, तिन्ही खऱ्या.

आम्ही ज्या हातावर परीक्षा घेतली होती तो अंधेरीतला सगळ्यात हलका हात होता.

दिघ्यांनी छपाईचं काम थांबवलं. सावंत, मी आणि चांगुणाबाई कोळीवाड्यात गेलो. मला वाटलं होतं की त्या हॉस्पिटलात जातील. त्या म्हणाल्या, “तिथं भारती हाय, पोराचा बापूस हाय. हितं मी वाटलेत, मीच मागनार.” पहिल्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून त्यांनी जी हाळी दिली ती किनाऱ्यापर्यंत गेली असावी.

“कागुद परत द्या गो! चांगुणानं दिलेला कागुद परत द्या! त्यातलं पानी पाजू नका!”

ज्या बाईने आठवड्यापूर्वी आपल्या शब्दावर घरोघर कागद दिले होते, तीच आता घरोघर जाऊन ‘मी दिलेलं खोटं होतं’ असं सांगत होती. खोटं मी लिहिलं होतं. ते तिने एकाही दारात म्हटलं नाही. एका ओट्यावर कोणीतरी टोचून बोललं, “काय गो चांगुणा, छापलेलं पन चुकतं काय?” त्या म्हणाल्या, “मासली पन नासते. कागुद दे.”

बरेच कागद आले. एक चुलीत गेला होता, दोन कागदांच्या होड्या पोरांनी केल्या होत्या. एका घरात तो देवाच्या फोटोमागे जपून ठेवला होता. इतर वस्त्यांत डॉक्टर कामतांची माणसं फिरली. सगळे परत आले नाहीत. अंकाबरोबर जे दूर गेले त्यांचं काय झालं, कोणी कोणत्या बोटांनी मीठ घेतलं, ते मला कधीच कळलं नाही. आजही माहीत नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी हॉस्पिटलात चौकशी करून निरोप दिला. मुलाच्या अंगात मीठ फार चढलं होतं. सलाईन हळूहळू द्यावं लागतं, घाई केली तर आणखी धोका. मूल लघवी करतं का, याच्यावर सगळं अवलंबून आहे. दुसरा दिवसही तसाच गेला.

त्या दिवशी मी पुढच्या अंकासाठी खुलासा लिहायला बसले. ‘अनवधानाने काही शब्द गळल्यामुळे’ अशी सुरुवात केली. दिघ्यांनी वाचलं आणि ‘अनवधानाने’वर बोट ठेवलं.

“शब्द गळले नाहीत,” ते म्हणाले. “तू बघून काढलेस. का काढलेस?”

“ओळ बसत नव्हती, सर.”

“मग तसं लिही.”

तसं लिहिलं. ‘ओळ बसत नव्हती म्हणून चार शब्द काढले. ते शब्द असे होते.’ त्यांनी तो मजकूर पहिल्या पानावर, चौकटीत छापला. नाव स्वतःचं घातलं. मी माझं घाला म्हटल्यावर म्हणाले, “छापायचं की नाही ते मी ठरवतो. तेव्हा नाव माझं.” पुढे दैनिकात मी शेकडो खुलासे लिहिले असतील. ‘अनवधानाने’ हा शब्द त्यांतल्या एकातही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सावंत ठसा काढत होते. गल्लीत आरडाओरडा झाला म्हणून आम्ही बाहेर आलो. चांगुणाबाई पदर खोचून धावत येत होत्या. गिरणीसमोर दळणाला आलेल्या बायकांची रांग होती. सगळ्या रांगेदेखत त्या ओरडल्या,

“मुतला! मुतला गो माझा बाळ्या!”

रांगेतल्या बायकांना काय झालं ते कळलं नाही, पण त्या हसू लागल्या. सावंत आत गेले. परत आले तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते. म्हणाले, “पीठ गेला डोळ्यात.” चांगुणाबाई म्हणाल्या, “पापडा, आज तुला सोडला.”

पत्रक पुन्हा लिहायचं होतं. या वेळी परीक्षा कोळीवाड्यात घ्यायची असं ठरलं. बाळ्या घरी आल्यावर आठेक दिवसांनी आम्ही चांगुणाबाईंच्या ओट्यावर बसलो. मी पाठ करून, समोर वाळत घातलेले बोंबील बघत. मागे सात बायका होत्या, पेले सात तऱ्हेचे. पहिल्याच पायरीला भांडण लागलं. एकीचा पेला दुसरीच्या दीडपट होता.

“त्यापेक्षा दुधाची बाटली घ्या ना गो,” मागून आवाज आला. “ती सगल्यांची सारखी.”

खरंच होतं. सरकारी दुधाची अर्ध्या लिटरची बाटली तेव्हा घरोघरी असे. लिटरचं माप कुणाच्या घरात नसतं असं मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं होतं. अर्ध्या लिटरचं प्रत्येकीच्या दाराशी रोज सकाळी येत होतं. मी पाठ करून बसले होते ते बरं होतं.

मिठाच्या पायरीला तीन बोटांचं चित्र घालायचं ठरलं. मीठ बारीक कुटून घ्यायचं. तरीही प्रत्येकीची तीन बोटं वेगळी. नुसत्या बोटांवर भरवसा ठेवणं डॉक्टरांनाही आता पटत नव्हतं. मग चांगुणाबाई म्हणाल्या, “आधी आपन चाखायचं, ते लिव. मी आधी चाखलं असतं तर माझा बाळ्या हास्पिटलात गेला नसता.”

ही पायरी डॉक्टरांच्या कागदावर नव्हती आणि माझ्याही. आमच्या कार्यालयात तर दोघांनी चाखलं होतं. आम्ही केलं होतं, लिहिलं नव्हतं.

“चाखून किती खारट लागलं पाहिजे?” मी न वळताच विचारलं. बोलायची मनाई होती, पण दिघे तिथे नव्हते.

कोणी म्हणालं कालवणापेक्षा कमी, कोणी म्हणालं भाताच्या पाण्याएवढं. एकेकीचं कालवण वेगळं. मग भारतीचा आवाज आला. तिला मी बोलताना तोवर ऐकलंही नव्हतं.

“रडताना तोंडात येतं तेवढं. त्याच्यावर नको.”

मग चांगुणाबाई म्हणाल्या, “हिला बरोबर ठाऊक. तीन दिस तेच पीत व्हती.” सगळ्या हसल्या, भारतीही हसली असावी. मला दिसत नव्हतं.

ती ओळ तशीच्या तशी छापली. पत्रक पोस्टकार्डाच्या दुप्पट झालं. सावंतांनी मोठा कागद कापून घेतला. पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी ते पुन्हा छापून घेतलं. त्या दिवसापासून आमच्याकडे दोन हातांची परीक्षा सुरू झाली. एक सावंतांचा हात, दुसरा चांगुणाबाईंचा. त्यांनी आमच्या पायरीवर बसून, सावंतांकडून वाचून घेत, कुकरच्या रिंगा बसवल्या, स्टोव्हच्या वाती ओवल्या. एकदा तर पोस्टाचा फॉर्म सुनेकडून भरून घेताना मला इतक्या ठिकाणी अडवलं की तो लेखच रद्द झाला.

काही वर्षांनी साप्ताहिक बंद पडलं. सावंतांचे खिळे भंगारात वजनावर गेले. ते गावी गेले, उशिरा का होईना त्यांचं लग्न झालं. दिघे गेले. त्यांनी आपल्या टेबलासमोर टाचून ठेवलेलं ते पहिलं, चुकीचं पत्रक मी त्यांच्या घरच्यांकडून मागून घेतलं. ते माझ्याकडे आहे.

काही वर्षांपूर्वी एक लग्नपत्रिका आली. नवऱ्यामुलाचं नाव ओळखीचं नव्हतं. पत्रिकेच्या मागे बॉलपेनने, शाळकरी गोल अक्षरात, ‘घरी कसे यावे’ असं लिहिलं होतं. त्याखाली पायऱ्या होत्या. एका पायरीत एकच क्रियापद.

कोळीवाडा ओळखू येणार नाही इतका बदललाय, हे ऐकून होते. मी ठरवलं, कागदाबाहेर काही करायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले. सांगितलेल्या नंबरची बस धरली. सांगितलेल्या थांब्यावर उतरले. ‘खाऱ्या मासळीचा वास येईपर्यंत सरळ चाला.’ आला. ‘उजव्या हाताला निळी होडी दिसेल. दिसली नाही तर गल्ली चुकली, मागे फिरा.’ दिसली. ‘होडीनंतर तिसरा ओटा. थांबा.’

तिसऱ्या ओट्यावर मांडव होता. मांडवाच्या कडेला एक बाई रस्त्याकडे पाठ करून खुर्चीत बसली होती. केस पिकलेले, अंगावर जरीची हिरवी साडी. माणसं येत-जात होती, तिला हाका मारत होती. ती वळत नव्हती.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

“पोचलात?” भारतीने न वळता विचारलं.

“पोचले.”

“कुठं अडलात?”

“कुठंच नाही.”

तेव्हा ती वळली. तिच्या मागे उंच, काळासावळा नवरामुलगा, म्हणजे तोच बाळ्या, मुंडावळ्या सावरत उभा होता. त्याला हे काय चाललंय ते कळत नव्हतं. आतून चांगुणाबाई काठी टेकत आल्या. दुसऱ्या हातात कोकम सरबताचा पेला होता. नजर अधू झाली होती. त्यांनी मला चेहऱ्याजवळ येऊन पाहिलं आणि पेला पुढे केला.

“घे. पी.”

मी पेला घेतला, आणि नकळत थांबले.

“पी गो,” त्या म्हणाल्या. “मी चाखलंय.”